कूलर खुणेवर

सळईचा पहिला घाव मॉनिटरवर बसला आणि दुसरा बाबांच्या डोक्यावर. काच फुटल्याचा आवाज इतका मोठा होता की दुसरा आवाज आम्हाला नीट ऐकू आला नाही. बाबा खाली बसले तेव्हा मला वाटलं, ते काचा वेचायला वाकले आहेत. ते तसेच होते. काहीही फुटलं की आधी वाकायचे. मग फरशीवरच्या पाण्यात त्यांच्या डोक्यातून निघालेली लाल रेघ पसरत गेली आणि मी मेन स्विच खाली ओढला.

हे वर्ध्याजवळच्या सेलूचं, मे २००६ मधलं, भर दुपारचं. ज्याने मारलं तो निकेश, अल्लीपूरचा, तेव्हा वीस वर्षांचा. माझे बाबा, लक्ष्मणराव, पंचावन्न वर्षांचे. मी चोवीसची, काउंटरवर, बोट पुस्तकात घालून बसलेली.

कॅफेच्या आधी तिथे बाबांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात आसपासच्या गावांतली विहिरीवरची जळालेली प्रत्येक मोटार आमच्या ओट्यावर यायची. जळक्या वार्निशचा वास माझ्या शाळेच्या वह्यांनाही होता. अकरा वर्षांची असताना बाबांनी मला एका कॉइलचे फेरे मोजायला बसवलं होतं. मधेच मोजणी चुकली आणि मी ठोकून दिलं, बरोबर आहेत म्हणून. ती मोटार चार दिवसांत जळून परत आली. बाबांनी आयुष्यात मला मारलं ते तेव्हाच. कानाखाली, उलट्या हाताने. ओठ आतून फाटला. मग म्हणाले, "मशीन तापली का खोटं बोलते, तिचं समजू शकतो. तू काऊन बोलली?"

२००३ मध्ये त्यांनी वाइंडिंग बंद करून आठ कॉम्प्युटर मांडले. सकाळी फॉर्म भरणारे, निकाल पाहणारे यायचे. अकरानंतर वीज असेल तितका वेळ पोरं बंदुकीचा गेम खेळायची. चार विरुद्ध चार, एकमेकांच्या मशीन तारांनी जोडून. पोरं म्हणायची, "काकाजीच्या कॅफेत मरायलेही मजा येते."

आठ मशीन सारख्या नव्हत्या. तीन नव्या, तीन जुन्या, आणि दोनमध्ये तर वेगळं ग्राफिक्स कार्डच नव्हतं. दुसऱ्या गावांतल्या कॅफेंमध्ये जो आधी येई तो चांगली मशीन धरून बसे आणि जिंके. बाबांना ते पटेना. "बंडी लंगड्या बैलाच्या चालीनं हाकाव लागते," ते म्हणत. म्हणून सगळ्यात वाईट मशीनला जे झेपेल तेच त्यांनी आठही मशीनवर लावलं. चित्राचा आकार लहान केला, रंग कमी केले, धूर काढला, पाण्यातली प्रतिबिंबं काढली, सावल्या काढल्या. रक्तही काढायला निघाले तेव्हा पोरं उसळली.

"काकाजी, सावल्या काढा, धूर काढा, पन रक्त राहू द्या ना!"

"रक्तानं मशीन जड होते रे."

"मंग मारल्यासारखं कसं वाटंल?"

बाबांनी मान हलवली आणि रक्त राहू दिलं. म्हणून आमच्या कॅफेत माणसांना सावली नव्हती, रक्त मात्र होतं. गोळी लागली की भिंतीवर शिंतोडे उडत आणि चांगले अर्धा मिनिट टिकत. मी काउंटरवर वाचत बसायची, पोरं ओरडायची, "डोक्यात घाल, डोक्यात!" आणि मी पान उलटायची. त्या ओरडण्याची मला सवय झाली होती. ती सवय मला आता घाबरवते.

तारांचंही तसंच. आठही तारा बाबांनी एकाच लांबीच्या कापल्या होत्या. सगळ्या तारा जिथे जोडल्या होत्या त्या डबीच्या शेजारच्या मशीनलाही वीस हात तार, उरलेली मागे गुंडाळून ठेवलेली. मी त्यांना सांगितलं, एवढ्याशा लांबीने काही फरक पडत नाही.

"तुले मालूम, मले मालूम," ते म्हणाले. "हारलेल्या पोराले मालूम हाये का?"

मॅच असली की ते इंटरनेटची तार उपसून काढायचे, म्हणजे कोणाच्या मशीनवर मागून काही उतरायला नको. व्हायरसची तपासणी बंद करायचे. मग एका वहीत प्रत्येक मशीनपुढे पेन्सिलने लिहायचे, काय चालू, काय बंद. खेळणाऱ्या दोन्ही कप्तानांना वही दाखवायचे. कोण कुठे बसणार ते स्टीलच्या ग्लासातल्या चिठ्ठ्यांनी ठरायचं.

राहिला कूलर. आमच्या दुकानाच्या एका भिंतीपलीकडे बबनरावांचं हॉटेल होतं, आणि त्या भिंतीला लागूनच त्यांची भट्टी. आतून ती भिंत उन्हाळ्यात हात लावू देत नसे. आमची चार नंबरची मशीन त्याच भिंतीशी होती, कारण दुसरी जागाच नव्हती. बाबांनी सगळ्या कॅबिनेटच्या बाजूचे पत्रे काढून ठेवले होते आणि बाजूच्या बोळाच्या दारात मोठा पत्र्याचा कूलर असा तिरपा लावला होता की वारा आधी त्या भिंतीवर आपटून मग सगळीकडे वाटला जाईल. कूलरला चाकं होती. चाकं कुठे असावीत त्याचे चार गोल बाबांनी फरशीवर खडूने काढले होते. पुसट झाले की पुन्हा काढत. झाडताना कूलर हलवावा लागे, मग मोजून गोलांवर आणावा लागे. ते गोल तिथेच का, हे मी कधी विचारलं नाही.

त्या रविवारी अल्लीपूरची चार पोरं दोन मोटारसायकलींवर आली, तोंडाला दुपट्टे बांधून. हिंगणघाटात त्यांनी सगळ्यांना हरवलं होतं. आमच्या सेलूच्या चौघांचा कप्तान होता नीलेश, कापडाच्या दुकानवाल्यांचा. गोरा, गोड बोलणारा, माझ्याच वयाचा. बक्षीस म्हणून बाबांनी एक चांगला हेडफोन ठेवला होता. पोरं त्यासाठी आली नव्हती. कोण भारी, ते ठरवायला आली होती.

चिठ्ठ्या निघाल्या. निकेशला चार नंबर आला, नीलेशला सात. सात नंबर कूलरच्या अगदी उलट्या कोपऱ्यात. बबनरावांकडे लग्नाची ऑर्डर होती, भट्टी पहाटेपासून धडधडत होती.

पहिला अर्धा तास निकेशने आमच्या पोरांना अक्षरशः कापून काढलं. मीसुद्धा पुस्तक खाली ठेवून पाहत होते. तो दाराआड उभा राहायचा, पुढचा माणूस डोकावला की एक गोळी, आणि भिंतीवर शिंतोडे. "या, या," तो म्हणायचा. "सेलूची वरात आली. एक एक करून या, आहेर घेऊन जा."

"लई बोलून राह्यला बे," नीलेश म्हणाला.

"तू बोल ना. मेलेल्याले बोलता येत नाई का?"

सगळे हसले. बाबाही हसले आणि आत जेवायला गेले. आमचं घर दुकानाच्या मागेच होतं.

नीलेशचा शर्ट पाठीला चिकटला होता. मरून बसल्यावर त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मंजू, जरा हवा इकडे फिरव ना. माउस हातातून घसरून राह्यला."

त्याने विचारलं आणि मी उठले, एवढंच. प्रेम वगैरे काही नव्हतं. सेलूत त्याने माझ्याकडे पाहून काही मागितलेलं कोणी पाहावं, असं मला वाटलं असेल. कूलरला मी हात लावला आणि वीतभर ढकलला. चाकं खडूच्या गोलांतून बाहेर गेली. मी परत येऊन पुस्तक उघडलं.

दहाएक मिनिटांनी निकेश मरायला लागला.

आधी कोणाला कळलं नाही. मग त्याने टेबलावर मूठ आपटली. "अटकून राह्यलं! वळतो इकडे, जाते तिकडे!" त्याचा माणूस पळता पळता थांबायचा, हवेत गोठायचा, आणि हलायच्या आत नीलेशच्या गोळ्या त्याच्या डोक्यात. पुन्हा. पुन्हा. आमची पोरं नाचायला लागली. एकोणीस-बारावरून एकोणीस-एकोणीस झालं, आणि शेवटच्या डावात निकेशचा माणूस दारात उभ्या उभ्या पुतळा झाला. नीलेशने जवळ जाऊन चाकूने त्याचा गळा कापला. गोळी होती त्याच्याकडे. तरी चाकूने.

बाबा हात धुऊन बाहेर आले तेव्हा निकेश उभा होता.

"काकाजी, माह्या मशीनमंधी काय केलं?"

"काई नाई केलं बाबू. बस. दाखवतो."

बाबांनी चार नंबर उघडून दाखवली, मग सात नंबर. चित्राचा आकार तोच, रंग तेच, सावल्या बंद, धूर बंद. तारेचा वेग तोच. वही काढून दाखवली. निकेशने एकेक ओळ बोट ठेवून वाचली. सगळं सारखं होतं.

"मंग अटकते काऊन?"

बाबांनी वही मिटली. दुसरा कोणी असता तर काहीतरी सांगून मोकळा झाला असता.

"मले नाई मालूम," ते म्हणाले.

तेवढ्यात नीलेश हसला. "खेळता येत नाई तर मशीनले बोंब मारून राह्यला. अल्लीपूरले जाऊन बंडी हाक लेका, तिच्यात सेटिंग नसते."

निकेशने कीबोर्ड उचलून त्याच्या तोंडावर मारला. कळा उडाल्या, त्यांत एक दात होता. मग कोण कोणाला मारतंय ते कळेनासं झालं. एकाने खुर्ची फिरवली. एकाचा कान दुसऱ्याच्या दातांत होता. दोघे कूलरवर आदळले आणि तो भरलेला कूलर आडवा झाला. वाळ्याच्या ताट्या, गढूळ पाणी, सगळं फरशीवर. पोरं त्यात घसरायची, पडल्या जागी लाथा खायची. तारा पाण्यात आल्या, सहा नंबरमधून निळी ठिणगी निघाली. बाबा दोन्ही हात वर करून मधे शिरले. "शॉक लागंल रे! बाहेर निंघा! आधी बाहेर निंघा!"

शटर ओढायची सळई दाराशी टेकवलेली असायची, टोकाला वाकवलेली. निकेशने ती उचलली. चार नंबरचा मॉनिटर फोडला. बाबा त्याच्याकडे वळले.

मी सुरुवातीला सांगितलं ते तिथे.

नागपूरच्या दवाखान्यात एकोणीस दिवस. कवटीचा एक तुकडा काढावा लागला. बाबा जगले. उजव्या हाताला कायमचा कंप आला, एका कानाने ऐकू येईना, आणि आठवड्यातून एकदा तरी झटका यायचा. झटका आला की आई जवळजवळ त्यांच्या छातीवरच बसायची, तोंडातला फेस पदराने पुसायची. माझी आई, अन्नपूर्णा, पाच फुटांचीही नाही. जवळजवळ तीन वर्षं तिने त्यांना उचललं, धुतलं, भरवलं. त्यांच्या हाताचा फटका लागून तिचं बोट मोडलं, ते वाकडंच जुळलं.

निकेश तीन महिने आत राहून जामिनावर सुटला. केस चालू राहिली.

बाबांना दुखलं ते वेगळंच. दवाखान्यातून आल्यावर नीलेश आणि पोरं भेटायला आली. नीलेश जवळ वाकून, ऐकू येणाऱ्या कानाशी म्हणाला, "काकाजी, तुमी आमच्यासाठी केलं, आमी इसरनार नाई." बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मागे सरकला. पण गावात तेच पसरलं. कोणी शिवी म्हणून बोललं, कोणी कौतुकाने. लक्ष्मणरावनं चार नंबर मारून ठेवली होती, गावच्या पोरांले जितवलं. बाहेरगावची पोरं यायची बंद झाली. मग गावचीही.

बाबांना एकच गोष्ट हवी होती. चार नंबर का अटकली, ते शोधून त्या आठही पोरांसमोर दाखवायचं. खटल्याचं त्यांना काही नव्हतं. "त्याले सजा होवो का ना होवो," ते म्हणायचे. "म्या बेइमानी केली नाई, हे त्याले दिसलं पायजे."

नवा मॉनिटर लावून ते रोज दुपारी चार नंबर उघडून बसायचे. कापऱ्या हाताने एक स्क्रू बसवायला दहा मिनिटं लागायची. कार्ड बदललं. तार बदलली. दुसऱ्या मशीनची मेमरी आणून टाकली. तासन्‌तास गेम चालू ठेवायचे, एकटेच, डाव्या हाताने माउस धरून. मशीन नीट चालायची. तेच त्यांचं दुःख होतं, ती बिघडतच नव्हती. वहीत एकेक कारण लिहून त्यावर काट मारायचे. एका पानावर लिहिलं होतं: "उष्णता?" आणि खाली, वेड्यावाकड्या अक्षरांत: "नाही. कूलर खुणेवर. सकाळी मी स्वतः ठेवला." त्यावर दोनदा काट.

आयुष्यभर जळक्या मोटारी हुंगलेल्या माणसाने उष्णता खोडून टाकली होती, कारण कूलर खुणेवर होता. पाण्यात आडव्या पडलेल्या कूलरची चाकं आधी कुठे होती ते कोण सांगणार? खडू तर वाहूनच गेला होता.

पुढचा मे आला, २००७ चा. बाबांनी चार नंबरवर गेम लावला आणि ते जेवायला आत गेले. मी झाडायला घेतलं. कूलर सरकवला, कोपरा झाडला, मग टेबलांखाली शिरले. भिंतीपलीकडे भट्टी चालू होती. बरीच जाळी जमली होती, मला वेळ लागला. वर आले तेव्हा चार नंबरवरचा माणूस हवेत गोठला होता.

मी केरसुणी घेऊन उभी राहिले. तो हलला, पुन्हा गोठला. मी मागे पाहिलं. कूलर खुणेबाहेर, वीतभर. त्याच दिशेला.

मला सगळं एकदम समजलं. नीलेशची मान वळलेली, माझं बोट पुस्तकात. मी कूलर धरला आणि खडूच्या गोलांवर आणून ठेवला. चारही चाकं नीट, मधोमध. मशीनच्या उघड्या बाजूने मी पुठ्ठ्याने वारा घातला. बाबा मिशा पुसत आले तेव्हा ती सुरळीत होती.

"चालून राह्यली?"

"हो बाबा. नीट."

ते खुर्चीवर बसले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

त्यांना मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, पुढे जवळजवळ दोन वर्षं नाही. पुस्तकं खूप वाचलेल्या माणसाकडे कारणांचा तुटवडा नसतो, म्हणून कारणं देत नाही. रोज दुपारी ते चार नंबर उघडायचे आणि मी काउंटरवर बसून पाहायची. झटका येऊन ते खुर्चीवरून पडायचे तेव्हा मीच आधी धावायची. लोक म्हणायचे, पोरगी असावी तर अशी.

फेब्रुवारी २००९ मध्ये न्हाणीत झटका आला आणि डोकं दगडावर आपटलं, जिथे हाड नव्हतं तिथेच. दार तोडावं लागलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला विचारलं होतं, "मंजू, काय झालं असंल व चार नंबरले?"

मी म्हटलं होतं, "झोपा बाबा."

तेरवी झाल्यावर मी आईला काही न सांगता वर्ध्याला गेले, तिथून अल्लीपूरची बस धरली. निकेशचं शेत विचारत विचारत पोचले. हरभरा काढणं चाललं होतं. तो वाकलेला होता, हातात विळा. मला पाहून सरळ उभा राहिला. बारीक पोरगा राहिला नव्हता तो, खांदे भरले होते.

"काकाजी गेले, ऐकलं," तो म्हणाला. "भेटाले याचं होतं. तोंड नव्हतं."

मी सांगितलं. कूलर, नीलेश, वीतभर. पुढच्या वर्षीचा मे. काही वगळलं नाही. वाक्यं मी बसमध्ये तयार केली होती, ती तशीच्या तशी बाहेर आली.

त्याने विळा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मंजे मशीन खरंच अटकत होती."

"हो."

"म्या खोटा नव्हतो."

"नाही."

तो हसला, विचित्र, दात न दाखवता. मग ते हसू गेलं. "तवा सांगतलं असतं तर म्या तुलेच मारलं असतं."

"तेव्हा मलाही माहीत नव्हतं."

"अन् मालूम झाल्यावर? काकाजीले सांगतलं?"

"नाही."

त्याने विळा हरभऱ्याच्या ढिगात एवढ्या जोरात मारला की मूठ आत गेली.

"म्या काकाजीले एकच मारली, मंजू," तो म्हणाला.

मग त्याने जे करायला सांगितलं, ते मी ठरवूनच आले होते. सेलूत, त्याच आठ पोरांसमोर, मशीन चालू करून. नुसतं तोंडाने नाही. "तोंडाचं कोनी मानत नाई. मले मालूम हाये."

मेपर्यंत थांबावं लागलं. ऊन हवं होतं. बबनरावांना मी सांगितलं, अकराला भट्टी पेटवा आणि दोन तास विझवू नका.

"कायले व? ऑर्डर नाई काई नाई."

"बाबांचं एक काम राहिलं आहे."

ठरल्या दिवशी सकाळी दहालाच धूर दिसला.

आठातले सात आले. एक पुण्याला होता. त्याच्या जागी कोणी बसलं नाही. नीलेश आला, खोटा दात बसवलेला, नव्या लग्नाचा. निकेश दारातून आत आला तेव्हा आमची पोरं उभी राहिली. कोणीतरी शिवी दिली. आई मधल्या दारात पाटावर बसली होती. तिला मी एवढंच सांगितलं होतं की चार नंबरचं कारण सापडलं. ती निकेशकडे पाहत नव्हती. बाबांची वही तिच्या मांडीवर होती.

मी फरशीवर खडूने चार गोल काढले, वहीतल्या मापाने, आणि कूलर त्यांवर आणला. वही सगळ्यांना दाखवली. सावल्या बंद, धूर बंद, रक्त चालू. निकेश चार नंबरवर बसला, नीलेश सातवर.

अर्धा तास मशीन पाण्यासारखी चालली. कोणी ओरडलं नाही. असला मुका खेळ मी कधी पाहिला नव्हता. गोळ्यांचे आवाज, शिंतोडे, आणि सात माणसं गप्प. निकेश मारत होता, पण चेहऱ्यावर काही नव्हतं.

मी उठले. "आता बघा," म्हटलं आणि कूलर वीतभर ढकलला.

अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं. निकेशचा माणूस दाराआडून निघाला आणि हवेत थांबला. नीलेशचा माणूस त्याच्यासमोर येऊन उभा राहिला, पण नीलेशने गोळी मारली नाही. त्याने माउस सोडला. हळूहळू मान वळवली, त्या दिवशीसारखीच, आणि कूलरकडे पाहिलं.

"म्याच म्हनलं होतं," तो म्हणाला. "हवा इकडे कर. म्याच म्हनलं होतं ना, मंजू?"

"हो. आणि मी केली. बाबा आत जेवत होते. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी काही केलं नव्हतं."

एक पोरगा उठून चार नंबरच्या मागच्या भिंतीला हात लावून आला आणि हात झटकला.

आई पाटावरून उठली होती.

"तुले कवापासून मालूम?"

आज कळलं, असं म्हणता आलं असतं. कोणालाही खोटं पाडता आलं नसतं.

"दोन वर्षं झाली," मी म्हटलं. "तो पुढचा उन्हाळा. ते आत जेवत होते."

पहिली थप्पड गालावर बसली, दुसरी कानावर. आई ओरडत नव्हती. "दोन वर्षं," ती म्हणायची आणि मारायची. "स्क्रू बसत नव्हता त्याईच्या हातानं. तू पाहत होती. दोन वर्षं." माझा ओठ फुटला, जिथे लहानपणी फुटला होता तिथेच, आतून. मी हात वर केले नाहीत. नीलेश पुढे आला, तिने त्याला कोपराने ढकललं. मग तिचा हात दाराकडे गेला. जुनी सळई कोर्टात जमा होती. तिथे नवी टेकवलेली होती.

सळई वर गेलेली मला दिसली. टोकाला तसाच बाक. मी डोळे मिटले.

काहीच झालं नाही. डोळे उघडले तेव्हा निकेशने आईचं मनगट हवेतच धरलं होतं.

"नोको मावशी," तो म्हणाला. "एकच पुरते."

आई त्याच्या हाताकडे पाहत राहिली. कोणाचा हात आहे ते तिला तेव्हा कळलं असावं. तिचं वाकडं बोट त्याच्या मुठीतून बाहेर आलं होतं.

"सोड."

त्याने सोडलं आणि दोन पावलं मागे जाऊन हात पाठीमागे नेले.

आईने सळई होती तिथे टेकवून ठेवली. पदराने तोंड पुसलं. माझ्याकडे न पाहता ती कूलरपाशी गेली, दोन्ही हात लावून तो रेटला, वाकून एकेक चाक पाहिलं आणि चारही गोलांवर आणलं. मग आत निघून गेली.

थोड्या वेळाने चार नंबर सुरळीत झाली. कोणी खेळत नव्हतं. निकेशचा माणूस दारात उभा होता, पायांखाली सावली नाही, श्वास घेतल्यासारखा थोडा हलत.